शपथ नको, उपचार हवा



एखाद्याला जुगाराचा नाद लागला म्हणजे गाव काय म्हणते? कोणी म्हणतो, "त्याला लाज नाही." कोणी म्हणतो, "त्याला अक्कल नाही." आम्हीही तेच म्हणत होतो. चौतीस वर्षे शाळेत मुले शिकवली, तरी या एका बाबतीत आम्ही चुकलो. कसे चुकलो आणि खरे काय आहे, ते या धड्यात सांगतो. आपल्या घरात, शेजारात किंवा कामावर असा कोणी असेल, तर हा धडा त्याच्या घरच्यांना वाचून दाखवा.

१. गवंड्याची गोष्ट

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे चांगला गवंडी झाला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपण त्याला गवंडीच म्हणू. त्याने बांधलेली भिंत ओळंब्याला कधी चुकायची नाही. दिवसाची हजेरी आठ-नऊशे रुपये. दारू नाही, तंबाखू नाही. बायको शिवणकाम करी. दोन मुले शाळेत जात.

२०२० साली टाळेबंदी आली. बांधकामे थांबली. हात रिकामे राहिले. शेजारच्या टपरीवर कोणी मटक्याचा आकडा लावीत होते. गवंड्याने सहज वीस रुपये लावले. आकडा लागला. एकशे ऐंशी रुपये हातात आले. घरी भाजी आणि मुलांना खाऊ आला. वाचकहो, घर बुडाले ते याच एकशे ऐंशी रुपयांनी. पहिल्या दिवशी तो हरला असता, तर कदाचित टपरीकडे पुन्हा फिरकला नसता.

पुढे वीसाचे शंभर झाले, शंभराचे पाचशे झाले. चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आकडा लागू लागला. मुकादमाकडून उचल, बचत गटाचे कर्ज, मग सावकार. शेवटी बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले. तेव्हा ती आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, तुमचं ऐकतील ते. दोन शब्द सांगा."

आम्ही सांगितले. दोनच नव्हे, दोनशे शब्द सांगितले. वर सावकार तोडण्यासाठी पाच हजार रुपयेही दिले. गवंडी आमच्या पाया पडला. "गुरुजी, शेवटचंच बगा. आता न्हाई."

आठ दिवसांत ते पाच हजार मटक्यात गेले.

२. मटका म्हणजे काय?

हा खेळ आला कोठून? पूर्वी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात कापसाचा बाजार भरे. तेथले भाव तारेने मुंबईस येत. त्या भावाच्या आकड्यांवर मुंबईत लोक पैज लावीत. पुढे ते भाव येणे बंद झाले. पण पैज लावण्याची सवय बंद झाली नाही. मग १९६० नंतरच्या काळात आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात घालून काढू लागले. म्हणून नाव पडले मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, आता मोबाइल आला. नाव मात्र मटकाच राहिले.

आता हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

आकडे ० ते ९, म्हणजे १०. समजा, दहा मित्रांनी दहा निरनिराळ्या आकड्यांवर प्रत्येकी १० रुपये लावले. जमा झाले १०० रुपये. एकाचा आकडा लागणारच. नेहमीचा भाव एकास नऊ. त्याला मिळाले ९० रुपये. उरलेले १० रुपये मटकेवाल्याचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. दहा दिवसांनी मटकेवाल्याकडे किती झाले? १०० रुपये. म्हणजे पहिल्या दिवशी दहा मित्रांनी जमवलेली रक्कम सगळीच्या सगळी त्याच्या गल्ल्यात गेली. आणि हे कधी? चिठ्ठी प्रामाणिकपणे निघाली तर!

कोणी म्हणेल, "जोडी लावली तर नव्वदपट मिळतात." बरोबर. पण ०० ते ९९ अशा जोड्या १०० आहेत. शंभर जणांनी एकेक रुपया लावला, तर नव्वद परत येतात आणि दहा जातात. हिशेब तोच.

एखाद्या दिवशी एखादा जिंकतो, हे खरे. पण दिवस जसजसे वाढतात, तसतसे मटकेवाल्याचे पारडे जड होते. त्याला नशीब लागत नाही. त्याला फक्त आपण रोज यावे लागते.

३. शहाणा माणूस का फसतो?

गवंड्याला हिशेब येत नव्हता काय? येत होता. खोलीला विटा किती लागतील, ते तो तोंडी सांगे. मग तो का फसला?

महाभारत आठवा. धर्मराज मूर्ख होते काय? राज्य, भाऊ, पत्नी सर्व पणाला लावून हरले. पुढे द्रौपदीमुळे सगळे परत मिळाले. तरी बोलावणे येताच ते दुसऱ्यांदा द्यूताला बसले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही एका जुगाऱ्याचा शोक आहे. म्हणजे हे दुखणे आजचे नाही. यात मनाला चार गाठी बसतात.

पहिली गाठ : "आता येणारच." सहा दिवस सात आला नाही, म्हणून आज सात येणार, असे वाटते. पण चिठ्ठीला कालची आठवण नसते. युरोपात मोनॅको नावाचा चिमुकला देश आहे. तेथील माँटे कार्लोच्या जुगारघरात १९१३ साली एका रात्री चक्रावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. "आता लाल येणारच" म्हणून लोक दर फेरीला लालवर पैसे ओतत होते. बरेच जण त्यात धुऊन निघाले.

दुसरी गाठ : "थोडक्यात हुकलं." सात लावला आणि आठ आला. हरलो तर हरलोच. शंभर रुपये गेले. पण मनाला वाटते, जवळ आलो होतो. म्हणून हात पुन्हा खिशाकडे जातो.

तिसरी गाठ : "आज भरपाई करतो आन् सोडतो." ही सर्वांत घट्ट गाठ. गेलेले पैसे परत आणण्यासाठी माणूस उरलेले पैसे पाठवतो.

चौथी गाठ : कधी तरी मिळणारा दाणा. अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. कबुतराने चोचीने एक चकती टोचली की दाणा मिळे. टोचल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि पुढे तो बंद झाला, तर कबूतर लवकर नाद सोडी. पण दाणा कधी मिळे, कधी न मिळे, असे केले तर कबूतर कितीतरी वेळ टोचतच राही. वाचकहो, मटका असाच दाणा टाकतो.

म्हणून डॉक्टर लोक या नादास आता आजार मानतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांच्या बरोबरीने घातला आहे. प्रत्येक पत्ते खेळणारा आजारी नसतो. पण खेळ हाताबाहेर जाणे, कामधंदा आणि घर यांच्यापुढे खेळच मोठा होणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, ही या आजाराची लक्षणे आहेत.

ओळखण्यासाठी दोन साधे प्रश्न आहेत. आपण किती खेळलो, याबद्दल घरच्यांशी कधी खोटे बोलावे लागले काय? अधिकाधिक पैसे लावावे, असे वाटत गेले काय? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर "हो" आले, तर जाणत्या माणसाशी बोलण्याची वेळ झाली आहे, असे समजावे.

४. आमची चूक

हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. २०२२ सालच्या हनुमान जयंतीला आम्ही गवंड्याला मारुतीच्या देवळात नेले. चार माणसांदेखत शपथ घ्यायला लावली. आम्हांस वाटले, काम झाले.

सव्वा महिना तो टपरीकडे गेला नाही. मग एका शनिवारी गेला. शपथ मोडली, हे सांगणार कोणाला? म्हणून लपवू लागला. लपवण्यासाठी खोटे, खोटे झाकण्यासाठी कर्ज, कर्ज फेडण्यासाठी पुन्हा आकडा. शपथेने नाद सुटला नाही. नाद सांगण्याची वाट तेवढी बंद झाली.

एका रात्री तो घरी आला नाही. बायको रडत आमच्या दारात उभी राहिली. शोधता शोधता देवळामागे अंधारात बसलेला सापडला. म्हणाला, "देवाची शपत मोडली गुरुजी. तोंड कुणाला दावू? आता जगून काय करू?"

त्या रात्री आम्ही उपदेश केला नाही. जवळ बसलो. म्हणालो, "शपथ आम्ही घ्यायला लावली. चूक आमची. तू घरी चल." दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

५. उपचारात काय करतात?

पुष्कळांना वाटते, तेथे वेड्यांना ठेवतात, विजेचे झटके देतात. तसे काही झाले नाही. डॉक्टरांनी आधी झोप, भूक आणि जीव देण्याचे विचार यांविषयी नीट विचारले. उदासीसाठी काही दिवस गोळी दिली. म्हणाले, "जुगार सोडवणारी खात्रीची गोळी नाही. खरे औषध बोलणे आणि सराव हे आहे." मग समुपदेशक बाईंकडे पाठवले. समुपदेशक म्हणजे बोलून मनाची गुंतागुंत सोडवायला मदत करणारा शिकलेला माणूस. गवंड्याच्या आग्रहावरून पहिल्या दिवशी आम्ही सोबत बसलो. पुढचे त्याने आम्हांस सांगितले, आणि त्याच्या परवानगीने येथे लिहितो.

बाईंनी पहिला प्रश्न असा विचारला : "जुगारातून तुम्हांला काय मिळतं?" आम्ही चकित झालो. हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. गवंडी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आकडा लावल्यापास्नं निकालापत्तुर कर्जाची याद येत न्हाई." बाई म्हणाल्या, "आणि त्यानं काय जातं?" तेव्हा त्याने स्वतःच सगळे सांगितले. सोडण्याचे कारण दुसऱ्याने सांगायचे नसते, ते त्याच्याच तोंडून यावे लागते.

पुढे दर आठवड्याला एक बैठक, अशा बारा बैठका झाल्या. या पद्धतीला विचार-वर्तन उपचार म्हणतात. विचार बदलला की वागणे बदलते, वागणे बदलले की विचारही बदलतो, असा तिचा पाया आहे. त्यातील मुख्य पायऱ्या अशा :

पहिली पायरी, वही. कधी ओढ लागली, कोठे होतो, त्याआधी काय घडले, मनात काय आले, पुढे काय केले, हे रोज लिहायचे. पंधरा दिवसांनी वही उघडली. ओढ रोज लागत नव्हती. शनिवारी पगार झाल्यावर बाजाराच्या वाटेवर लागे, किंवा सावकाराचा माणूस येऊन गेला की लागे. गवंडी म्हणाला, "डोळ्याला भित सरळ दिसती, पन वळंबा खोटं बोलत न्हाई. ही वही माझा वळंबा."

दुसरी पायरी, वाट बदलणे. पगार थेट बायकोच्या खात्यात. खिशात रोज चहापुरते पैसे. मोबाइलमधून पैसे पाठवण्याची सोय बंद. बाजाराला जाताना टपरीची गल्ली सोडून दुसरी गल्ली. यात कमीपणा नाही. ज्याचा पाय मोडला, त्याला काठी देतात.

तिसरी पायरी, मनाच्या गाठी सोडवणे. आकडा लावताना मनात जे येते ते मोठ्याने बोलायचे, कागदावर लिहायचे आणि तपासायचे. "आता सात येणारच." का येणार? बाईंनी त्याला एक रुपया उडवायला लावला. छापा की काटा, ते आधी सांगायचे आणि लिहायचे. लागोपाठ चार छापे आले तेव्हा तो म्हणाला, "आता काटा." पुन्हा छापाच आला. तो हसला. वरचा हिशेबही त्याने तेथेच वहीत केला.

चौथी पायरी, लाट ओसरू देणे. ओढ ही लाटेसारखी येते. चढते, टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तिच्याशी भांडायचे नाही, तिच्यामागे जायचेही नाही. घड्याळ पाहायचे, श्वास सावकाश घ्यायचा, कोणाला तरी फोन करायचा. गवंडी अशा वेळी आम्हांला फोन करी. आम्ही उपदेश करीत नसू. "आज कुठवर आली भिंत?" एवढेच विचारीत असू.

पाचवी पायरी, कर्जाची यादी. सगळे कर्ज एका कागदावर, एकही न लपवता. कोणाला महिन्याला किती द्यायचे, ते बायकोसमक्ष ठरले. सगळे कर्ज एकदम फेडण्यासाठी कोणीही पैसे द्यायचे नाहीत, असेही ठरले. आमच्या पाच हजारांची चूक आम्हांस तेथे उमगली. एकदम कर्ज फिटले की पुन्हा खेळायला वाट मोकळी होते.

६. घसरला तर?

चौथ्या महिन्यात गावची जत्रा आली. गवंडी दोनशे रुपये हरला. पण या वेळी त्याने त्याच संध्याकाळी बायकोला सांगितले. ती रागावली, रडली, पण घर सोडून गेली नाही. पुढच्या बैठकीला बाईंनी विचारले, "वहीत काय लिहिलंय?" जत्रेत पैसे जवळ होते, जुने सोबती भेटले, आणि "एकदाच" असे मनात आले. मग पुढल्या जत्रेला काय करायचे, ते ठरले.

बाई म्हणाल्या, "एक थर वाकडा गेला तर तुम्ही सगळं घर पाडता का?" गवंडी म्हणाला, "न्हाई. तेवढा थर उतरवून पुन्ना लावतो."

शपथ आणि उपचार यांत हाच फरक आहे. शपथ एकदा मोडली की संपली. उपचारात घसरण हाही एक धडा असतो.

आज गवंडी खेळत नाही. तो कायमचा सुटला, असे आम्ही म्हणत नाही. तोही म्हणत नाही. सावकाराचे कर्ज फिटले, बचत गटाचे थोडे बाकी आहे. मंगळसूत्र मागच्या दिवाळीला सुटले. वही अजून चालू आहे.

७. घरच्यांनी काय करावे?

रोज टोमणे मारू नयेत. चार माणसांत लाज काढू नये. पण खोटे झाकूही नये, आणि जुगाराचे कर्ज गुपचूप भरू नये. घराचा पैसा, दागिने आणि कागदपत्रे सुरक्षित ठेवावी. घरातली बाई स्वतः खचली असेल, तर तिनेही समुपदेशकाकडे जावे. कंपवातावर काही ठराविक औषधे घेणाऱ्यास अचानक जुगाराची ओढ लागल्याचे आढळते. तसे दिसल्यास औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

पोलिसांची भीती बाळगून उपचार टाळू नये. मटका कायद्याने गुन्हा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये केला. पण कायदा दुकान बंद करतो. मनातली ओढ बंद करण्याला उपचारच लागतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे, हे २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

कोठे जावे? जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. तेथवर जाणे जमत नसेल, तर टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. कोणी "जगून काय करू" असे म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच घटकेला हा क्रमांक लावा किंवा त्याला दवाखान्यात न्या.

समान दुःखाच्या माणसांनी एकत्र बसून मनमोकळे बोलण्याचाही उपयोग होतो. जुगाऱ्यांच्या अशा बैठका १९५७ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात सुरू झाल्या आणि पुढे अनेक देशांत पसरल्या.

वाचकहो, ताप आलेल्या माणसाकडून आपण "उद्यापासून ताप येऊ देणार नाही" अशी शपथ घेत नाही. त्याला डॉक्टरकडे नेतो. एवढे साधे कळायला आम्हांला एक अंधारी रात्र लागली. तुम्हांला ती लागू नये.

अभ्यास

१. गवंड्याच्या घराचे नुकसान पहिल्या हरण्याने झाले की पहिल्या जिंकण्याने? का?

२. वीस जणांनी दोन-दोन मिळून दहा आकड्यांवर प्रत्येकी ५ रुपये लावले. एकास नऊ या भावाने किती रुपये परत येतील? मटकेवाल्याकडे किती उरतील?

३. मनाच्या चार गाठी कोणत्या? तुमच्या पाहण्यातले एकेक उदाहरण सांगा.

४. गुरुजींच्या दोन चुका कोणत्या?

५. आठ दिवस वही ठेवून पाहा. तंबाखू, चहा, मोबाइल, कोणतीही एक सवय घ्या. ओढ केव्हा लागली आणि त्याआधी काय घडले, एवढेच रोज दोन ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

ओळंबा : भिंत सरळ आहे का, ते पाहण्याचे दोरीला बांधलेले वजन
उचल : कामाआधी घेतलेली मजुरी
द्यूत : फाशांचा जुगार
समुपदेशक : बोलून मनाची अडचण सोडवण्यास मदत करणारा
कंपवात : हात-पाय कापण्याचा आजार